चार आठवडे कोणत्या कोर्टात?
सीमाभागातील कायद्याच्या विद्यार्थ्यांपुढचा एक प्रश्न

खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या भागांत कायदा शिकणारी मुले-मुली आता घरोघर नसली तरी गावोगाव आहेत. कोणी बेळगावच्या राजा लखमगौडा कायदा महाविद्यालयात जाते, कोणी कोल्हापूरच्या शहाजी विधी महाविद्यालयात, तर कोणी घाट उतरून गोव्यात. दुसऱ्या वर्षात पाऊल ठेवले की या सगळ्यांपुढे एकच प्रश्न उभा राहतो. कोर्टातला प्रत्यक्ष अनुभव, ज्याला सगळेच ‘इंटर्नशिप’ म्हणतात, तो घ्यायचा कुठे? घरच्या तालुका कोर्टात, धारवाडच्या खंडपीठात, कोल्हापूरच्या नव्या बेंचसमोर, की ओळखीपाळखीने थेट दिल्लीत?

इतर भागांतल्या विद्यार्थ्याला हा प्रश्न सोयीचा किंवा फार तर नावलौकिकाचा असतो. आपल्याकडे त्यात भाषा येते. मराठी माध्यमातून शिकलेली मुलगी खानापूर कोर्टाच्या पायरीवर उभी राहते तेव्हा आतला पुकारा कन्नडमध्ये होतो, समन्स कन्नडमध्ये निघते, आणि बाहेरच्या बाकावर बसलेला तिचाच चुलता मराठीत विचारतो, “पोरी, ह्यात लिवलंय काय?” तिला ते वाचता येत नसेल तर एल.एल.बी.ची पदवी त्या क्षणी काय कामाची? निवड करताना हे चित्र डोळ्यांपुढे असावे.

आधी नियम पाहू. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या कायदेशिक्षण नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान 20 आठवडे असा अनुभव सक्तीचा आहे. तो वकिलांकडे, न्यायाधीशांकडे, स्वयंसेवी संस्थांत, विधिमंडळात, कंपनीत, अगदी स्थानिक स्वराज्य संस्थेतही घेता येतो. मात्र दोन अटी आहेत. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ चालत नाही, आणि संपूर्ण शिक्षणकाळात एकदा तरी खालच्या कोर्टात दावे चालवणाऱ्या वकिलाकडे व एकदा तरी अपिले चालवणाऱ्या वकिलाकडे काम केलेले असले पाहिजे.

आता हिशेब मांडा. तीन वर्षांचा अभ्यासक्रम करणाऱ्याला साधारणपणे चार-चार आठवड्यांच्या तीनच संधी मिळतात. त्यातली एक दाव्यांच्या वकिलाकडे गेली, एक अपिलांच्या वकिलाकडे गेली. मोकळी उरते ती एकच. न्यायाधीशांच्या कार्यालयात बसायचे असेल, विधी सेवा प्राधिकरणात काम करायचे असेल किंवा दिल्ली पाहायची असेल, तर ते सगळे या एका संधीतून भागवायचे. पाच वर्षेवाल्याला अशा पाच संधी असतात, म्हणून त्याला थोडी मोकळीक. तेव्हा ‘मित्र जातोय म्हणून मीही’ ही चैन तीन वर्षेवाल्याला परवडणारी नाही.

घरचे कोर्ट टाळू नका

तालुका कोर्टाला नाके मुरडणारे विद्यार्थी पुष्कळ दिसतात. तिथे काय, भिंतीचे पोपडे आणि तारखांवर तारखा! पण आपल्या भागातले कज्जे आहेत कसले? बांधाचे, वाटपाचे, कुळाचे, वहिवाटीच्या रस्त्याचे. ते जन्माला येतात तालुका कोर्टात, आणि तिथे दाव्याच्या अर्जात किंवा कैफियतीत जे लिहिले गेले त्याचेच पुढे दिल्लीपर्यंत ओझे वाहावे लागते. धारवाडच्या खंडपीठात जे दुसरे अपील जाते ते दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 खाली केवळ कायद्याच्या महत्त्वाच्या मुद्द्यावर. तलाठ्याने कोणती नोंद कधी केली, साक्षीदार उलटतपासणीत कुठे घसरला, हे तिथे नव्याने उकरता येत नाही. ते खालच्याच कोर्टात पाहावे लागते.

अभ्यासक्रमाचीही तीच मागणी आहे. मूट कोर्टाच्या पेपरात एक दिवाणी व एक फौजदारी असे दोन खटले प्रत्यक्ष पाहून त्यांची नोंद ठेवण्याला 30 गुण आहेत. वकिलाच्या कचेरीत पक्षकाराशी होणारी बोलणी दोनदा ऐकून लिहायची, दावा दाखल कसा होतो ते पाहायचे, त्यालाही 30. हे साठ गुण काचेच्या इमारतीत मिळत नाहीत.

भाषेचे म्हणाल तर कायदा काय सांगतो ते नीट समजून घ्यावे, कारण याविषयी दोन्ही बाजूंनी बराच गैरसमज आहे. खालच्या कोर्टांची भाषा ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. दिवाणीसाठी प्रक्रिया संहितेचे कलम 137 आणि फौजदारीसाठी पूर्वीच्या संहितेचे कलम 272, जे 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 307 झाले. याच अधिकारात महाराष्ट्राने 1998 मध्ये आपल्या खालच्या कोर्टांची भाषा मराठी केली, आणि याच अधिकारात कर्नाटकात ती कन्नड आहे. पण साक्षीदाराने कोर्टाच्या भाषेतच बोलावे असे कायदा म्हणत नाही. फौजदारी खटल्यात साक्षीदार दुसऱ्या भाषेत बोलला, तर शक्य असल्यास त्याच भाषेत जबानी उतरवावी, नाही तर तिचे खरे भाषांतर नोंदीत ठेवावे, असे कलम 312 सांगते. आरोपीला कळत नसलेल्या भाषेत त्याच्यासमोर पुरावा झाला, तर तो त्याला समजेल अशा भाषेत उलगडून सांगितला पाहिजे, हे कलम 314 मध्ये आहे.

म्हणजे मराठी साक्षीदाराचा हक्क कागदावर शाबूत आहे. तो बजावून घेणारा वकील हवा, आणि तो दोन्ही भाषा जाणणाराच हवा. साक्षीदार म्हणाला, “मी नुसता तिथून चाललो होतो,” आणि उतरवून घेतले गेले, “मी तिथे हजर होतो,” तर हा फरक पकडणार कोण? ज्याला मराठी ऐकू येते आणि कन्नड वाचता येते तोच. चार आठवडे तालुका कोर्टात बसून विद्यार्थ्याने एवढे एक कसब डोळ्यांनी पाहिले तरी ते चार आठवडे सत्कारणी लागले म्हणायचे.

इथे काही सीमाबांधवांच्या कपाळावर आठी उमटेल. कानडी सक्तीविरुद्ध हयातभर झगडायचे आणि पोरांना कन्नड शिका म्हणायचे? आमच्या मते यात विसंगती नाही. सक्तीला विरोध करायचा तो सभेत, निवेदनात, मतपेटीत आणि कोर्टातही. घटनेचे कलम 350 तर कोणत्याही नागरिकाला राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार देते. पण ज्या म्हातारीच्या दोन एकरांची नोंद कन्नड पहाणीपत्रकात चुकली आहे, तिला आपल्या वकिलाला ते पत्रक वाचता आले पाहिजे एवढेच हवे असते. पी. बी. गजेंद्रगडकर 1964 मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. घराणे मूळ गजेंद्रगडचे, म्हणजे आजच्या गदग जिल्ह्यातले, जन्म साताऱ्याचा, आणि कॉलेजची पहिली वर्षे धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात. दोन भाषांच्या सीमेवर वावरल्याने त्यांचे काही अडले नाही.

शिवाय कोर्टाची कन्नड वाटते तितकी परकी नाही. वादी, प्रतिवादी, फिर्यादी, आरोपी, साक्षी, वकील हे शब्द दोन्हीकडे आहेत. आपली तक्रार तिथे ‘तकरारू’ होते, जामीन ‘जामीनु’ होतो, दावा ‘दावे’ होतो, आणि उलटतपासणीला ते ‘पाटी सवालु’ म्हणतात. निकालाला मात्र ‘तीर्पु’. लिपी शिकायला महिना-दीड महिना पुरतो. इंटर्नशिपच्या आधीच्या सुटीत तेवढे उरकावे.

उलट दिशेनेही एक कमाई आहे, आणि ती फक्त आपल्याच मुलांकडे असू शकते. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळे जुनी खरेदीपत्रे, गहाणखते, वाटणीपत्रे मराठीत आहेत, आणि त्याहून जुनी मोडीत. वाटपाच्या दाव्यात आजोबांच्या काळचा कागद पुढे आला की भलेभले वकील हातात भिंग घेऊन बसतात. मोडी वाचणारा विद्यार्थी ज्या कचेरीत जाईल तिथे त्याला चहा आणायला कोणी पाठवणार नाही.

धारवाड की कोल्हापूर?

खरी ओढाताण इथे आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे धारवाडला 2008 मध्ये फिरते खंडपीठ आले, 2013 मध्ये ते कायम झाले. बेळगाव आणि कारवार भागातली अपिले तिथे चालतात. बिदर, भालकी, औराद भागातल्या आपल्या बांधवांना मात्र कलबुर्गीचे खंडपीठ आहे. इकडे कोल्हापूरला चाळीसहून अधिक वर्षांच्या मागणीनंतर मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 पासून सुरू झाले. आदल्या दिवशी उद्घाटन झाले ते तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. निपाणीच्या मुलाला कोल्हापूर तासाभरावर. तिथे बाररूममध्ये मराठी, चहाच्या टपरीवर मराठी, पक्षकारही मराठी. मन तिकडे धावले तर नवल नाही.

तरीही एक प्रश्न आधी स्वतःला विचारावा: सनद घेतल्यावर मी वकिली कुठे करणार?

दोन्ही उच्च न्यायालयांची भाषा इंग्रजीच आहे, घटनेच्या कलम 348 नुसार. म्हणजे भाषेपुरता दोन्हीकडचा फरक दालनाबाहेरचा आहे. दालनातला फरक कायद्याचा आहे, आणि तो मोठा आहे. कुळाचेच घ्या. महाराष्ट्रात कूळ मालक झाले ते 1 एप्रिल 1957 या कृषकदिनाच्या आधारे, 1948 च्या कुळकायद्याखाली. कर्नाटकात 1961 चा जमीन सुधारणा कायदा, त्यात 1974 ची मोठी दुरुस्ती, 1 मार्च 1974 रोजी कुळाच्या जमिनी सरकारजमा आणि मग सात नंबरच्या फॉर्मवर जमीन न्यायाधिकरणापुढे अर्ज. चंदगडच्या शेतकऱ्याचा प्रश्न पहिल्या कायद्याने सुटेल, त्याच्या शिवेला शीव लागलेल्या बेळगाव तालुक्यातल्या साडूचा दुसऱ्याने. महसुलाचेही तसेच. तिकडे 1966 ची जमीन महसूल संहिता आणि सातबारा, इकडे 1964 चा महसूल कायदा आणि पहाणीपत्रक. कोल्हापुरात चार आठवडे सातबाऱ्याची प्रकरणे वाचून आलेला विद्यार्थी खानापुरात परतल्यावर पुन्हा श्रीगणेशा करणार.

म्हणून ज्याला सीमाभागातच वकिली करायची आहे त्याने अपिलांचे चार आठवडे धारवाडला काढावेत. बेळगावहून सकाळची गाडी धरून संध्याकाळी परतता येते, आणि जेवणाखाण्याचा खर्च वाचतो. तिथल्या बोर्डावर ‘आरएफए’ म्हणजे पहिले अपील, ‘आरएसए’ म्हणजे दुसरे, एवढे आधी माहीत असावे. बेळगाव जिल्ह्यातले प्रकरण निघाले आणि त्यात जुने मराठी खरेदीपत्र असले की इंग्रजी भाषांतर लागते. अशा वेळी वकील आजूबाजूला पाहतात. तिथे हात वर करावा.

कोल्हापूर कोणासाठी? ज्याला महाराष्ट्रातच सनद घ्यायची आहे त्याच्यासाठी, निःसंशय. आणि पाच वर्षेवाल्याने आपल्या पाचांपैकी एक संधी तिथे जरूर द्यावी. नवे बेंच कसे उभे राहते, मुंबईहून आलेल्या फायली कशा लागतात, हे पाहायला मिळण्याची वेळ वारंवार येत नाही. हिंदू वारसा कायद्यासारखा केंद्राचा कायदा दोन्हीकडे एकच असल्याने मुलींच्या हिश्शाची प्रकरणे तिथेही तितकीच शिकवतील. 2005 ची दुरुस्ती, मग सर्वोच्च न्यायालयाचा 2020 मधला विनीता शर्मा निकाल, आणि त्यानंतर गावोगाव बहिणींनी मागितलेले हिस्से. हा विषय सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखाच तापलेला आहे.

गोव्याचा मार्ग वेगळा. पर्वरीच्या खंडपीठात मुंबई उच्च न्यायालयच बसते, पण वारसाहक्काचा कायदा पोर्तुगीज परंपरेतला आहे. वारसांची यादी करून मालमत्ता वाटण्याची तिथली ‘इन्व्हेंटरी’ प्रक्रिया 2012 च्या गोवा वारसा कायद्यात आहे, आणि तशी ती ना बेळगावात दिसते ना कोल्हापुरात. ज्यांचे आजोळ डिचोली-सत्तरीत आहे आणि तिकडे राहण्याची सोय आहे, त्यांनी विचार करावा. नुसत्या कुतूहलासाठी तीनपैकी एक संधी खर्चू नये.

वकिलांकडे की न्यायाधीशांकडे?

मोकळ्या उरलेल्या संधीत न्यायाधीशांच्या कार्यालयात बसण्याची इच्छा अनेकांना असते. ती चांगलीच आहे. वकिलाकडे आपण एक बाजू शिकतो, न्यायाधीशांकडे दोन्ही बाजू एकाच टेबलावर पडलेल्या दिसतात. उद्याच्या बोर्डावरच्या फायली वाचायच्या, तारीखवार घटनाक्रम काढायचा, दोन्हीकडच्या मुद्द्यांचा गोषवारा द्यायचा, दाखल्यादाखल केलेले निवाडे शोधून काढायचे असे काम असते. लेखन सुधारते, आणि वाईट युक्तिवाद कसा ऐकू येतो तेही कळते, जे कोणी पुस्तकात लिहून ठेवलेले नाही.

पण तिथली बंधने कडक असतात. फाइलमधले एक अक्षर बाहेर जाता कामा नये, गावच्या माणसाचे प्रकरण असेल तर विशेषच. घरातला कोणी किंवा ज्या वकिलाकडे आपण आधी काम केले तो त्या कोर्टात हजर होत असेल, तर पहिल्याच दिवशी तसे सांगून टाकावे. आपल्याकडे अर्ध्या तालुक्याशी नाते असते, म्हणून हा मुद्दा हसण्यावारी नेण्याचा नाही. न्यायाधीशांकडच्या इंटर्नशिपची सोय प्रत्येक कोर्टात एकसारखी नसते. अर्ज कॉलेजमार्फत, बराच आधी करावा लागतो, आणि विद्यावेतनाची आशा धरू नये.

एक भ्रम मात्र वेळीच दूर व्हावा. न्यायाधीशांकडे बसले म्हणून न्यायाधीश होण्याची वाट जवळ येत नाही. 20 मे 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. पदवीनंतर न्यायाधीशांचा विधी लिपिक म्हणून केलेले काम त्यात धरले जाते, विद्यार्थीदशेतली इंटर्नशिप नाही. शिवाय कर्नाटकातल्या या परीक्षेत इंग्रजी-कन्नड भाषांतराचा स्वतंत्र पेपर असतो, आणि महाराष्ट्रात मराठी चांगली यावी लागते. न्यायासनावर बसू इच्छिणाऱ्या सीमाभागातल्या मुलाने कोणत्या बाजूने जायचे ते दुसऱ्या वर्षातच ठरवलेले बरे.

न्यायाधीशांकडे जागा मिळाली नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. 1987 च्या कायद्याखालची ही यंत्रणा जिल्हा कोर्टाच्या आवारातच असते. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीतले बंदी यांना मोफत वकील देणे आणि लोकअदालती भरवणे हे तिचे काम. मराठी पक्षकार मदतीसाठी प्रथम येतो तो इथे, आणि त्याचे म्हणणे ऐकून कन्नडमध्ये अर्ज लिहून देणारे माणूस तिथे नेहमीच हवे असते. ओळख नसलेल्या, शहरात राहायला जागा नसलेल्या मुलीला आम्ही ही निवड पहिली सुचवू. दिल्लीपेक्षाही आधी.

दिल्लीचे काय? सर्वोच्च न्यायालय पाहावे असे कोणाला वाटणार नाही? त्यातून आपल्या मुलांना वाटते की महाराष्ट्राने 2004 मध्ये दाखल केलेला सीमाप्रश्नाचा दावा तिथे ऐकायला मिळेल. त्या दाव्याची तारीख नेमकी आपल्या चार आठवड्यांत लागेल, या भरवशावर कोणी गाडीत बसू नये. प्रवास, खोली, जेवण असा खर्च घरच्यांनी कर्ज काढून करावा इतके ते मोलाचे नाही. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे मराठी आणि कन्नड भाषांतरातही संकेतस्थळावर मिळतात, आणि कर्नाटक उच्च न्यायालयाच्या कित्येक सुनावण्या मोबाईलवर थेट पाहता येतात. पाच वर्षेवाल्याने चौथ्या-पाचव्या वर्षी, खालची दोन कोर्टे पाहून झाल्यावर दिल्लीला जावे. तेव्हा समोर चाललेले कळते तरी.

काही व्यवहाराच्या गोष्टी

मे महिन्यात कॉलेजला सुटी, म्हणून इंटर्नशिपही मेमध्ये, असे बेत आखले जातात. पण दिवाणी कोर्टे आणि उच्च न्यायालये यांनाही उन्हाळी सुटी त्याच सुमारास असते. उच्च न्यायालयात फक्त तातडीच्या कामांपुरते सुटीचे न्यायासन बसते. चार आठवडे बंद दालनाला नमस्कार करायचा नसेल तर कोर्टाचे सुट्यांचे कॅलेंडर आधी पाहावे. दसरा-दिवाळीच्या सुट्याही दोन राज्यांत एकाच वेळी असतीलच असे नाही. फौजदारी कोर्टे मेमध्येही चालू असतात, तेव्हा नाइलाज असेल तर दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात काम करणारा वकील गाठावा.

काळा कोट नाही म्हणून मागे राहणारी मुले आहेत. नियमात काळा कोट-टाय आहेच, पण तो पूर्ण पोशाख मिळणे अडचणीचे असेल तर पांढरी पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि काळे बंद बूट चालतात, असेही त्याच नियमात लिहिले आहे. मुलींना काळी साडी व पांढरा पूर्ण बाह्यांचा ब्लाउज चालतो.

वकील निवडताना नाव किती मोठे ते पाहू नका. ज्याच्या कचेरीत दहा विद्यार्थी आधीच भिंतीला टेकून उभे आहेत तिथे अकरावा होऊन काय मिळणार? आधी त्या कोर्टात दोन दिवस नुसते जाऊन बसा. कोर्ट सर्वांना खुले असते, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 153-ब मध्ये तसे स्पष्ट आहे. कोणता वकील फाइल वाचून येतो, कोण पक्षकाराला त्याच्या भाषेत समजावतो, कोण ज्युनिअरला बोलू देतो, हे दोन दिवसांत दिसते. मग त्याच्याकडे जाऊन सरळ विचारा, “सर, मला रोज एक फाइल वाचायला मिळेल का?” हो म्हणाले तर तिथेच.

राहिली डायरी. ती विद्यापीठाने ठरवलेल्या नमुन्यात लिहावी लागते, आणि मार्गदर्शक वकील व कॉलेजचे अध्यापक दोघेही ती तपासतात. बहुतेक मुले शेवटच्या आठवड्यात एकमेकांची उतरवून काढतात, आणि तपासणाऱ्याला ते कळतेही. रोजच्या रोज लिहा. विद्यापीठाची डायरी इंग्रजीत असेल ती असो, सोबत एक साधी वही ठेवा. त्या दिवशी ऐकलेला प्रत्येक कोर्टातला शब्द तीन रकान्यांत उतरवा: मराठी, कन्नड, इंग्रजी. रोज दहा शब्द धरले तरी चार आठवड्यांच्या कामाच्या दिवसांत दोनशेवर जातात, आणि तेवढ्यावर समन्स वाचता येते.